पोराला अँटिबायोटिक पाजताना: चिठ्ठीपासून शेवटच्या डोसापर्यंत

जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं मेडिकल आहे. लहान मुलाच्या अँटिबायोटिकची बाटली काउंटरवर ठेवली, की लोक पैसे देतात, पिशवी उचलतात आणि गाडीला किक मारतात. विचारायचं ते राहूनच जातं. डॉक्टरांनी औषध बरोबर लिहिलेलं असतं, आम्ही दिलेलंही बरोबर असतं, आणि तरी घरी पोराच्या पोटात कधी अर्धाच डोस जातो, कधी दुप्पट. चिठ्ठीवर मिलिग्रॅम, बाटलीवर दर ५ मिलिलिटरला अमुक मिलिग्रॅम, आणि पाजायचं मात्र चमच्याने. घोळ होतो तो इथे. म्हणून दवाखान्यापासून रिकाम्या बाटलीपर्यंत काय काय सांभाळायचं ते क्रमाने लिहितो. मध्ये आकडे येतील, ते समजावण्यापुरते आहेत. त्यावरून स्वतःच्या मुलाचा डोस काढू नका, तो डॉक्टरांनीच ठरवायचा.

दवाखान्यात

पहिला प्रश्न: याला अँटिबायोटिक लागतंच का? हे औषध जिवाणूंवर चालतं, विषाणूंवर नाही. सर्दी, वाहतं नाक, फ्लू, डेंगू आणि मुलांचा बहुतेक खोकला हे सगळं विषाणूंचं काम. पाण्यासारख्या जुलाबालाही सहसा ते लागत नाही. तिथे ओआरएस आणि १४ दिवस झिंक हाच मुख्य उपचार (शौचातून रक्त पडत असेल तर गोष्ट वेगळी). याउलट न्यूमोनिया, टायफॉइड, लघवीचा संसर्ग, कानातून येणारा पू, जिवाणूंमुळे सुजलेला घसा, अशा ठिकाणी अँटिबायोटिक टाळून चालत नाही.

आपल्याकडे अडचण अशी, की "सुई मारा, सलाईन लावा, पोरगं लवकर उठलं पाहिजे" हा हट्ट पालकच धरतात. पाच मिनिटांत पेशंट तपासणारा डॉक्टर मग वाद घालत बसत नाही, लिहून मोकळा होतो. "साहेब, अँटिबायोटिकची खरंच गरज आहे का? दोन दिवस वाट पाहिली तर चालेल का?" असं विचारण्यात कोणाचा अपमान नाही. चांगल्या डॉक्टरला हा प्रश्न आवडतो, असा माझा अनुभव आहे.

वाट पाहायची तर श्वासावर लक्ष ठेवा. मूल शांत किंवा झोपलेलं असताना पोटाची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिने ते एक वर्ष वयात मिनिटाला ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त श्वास भरले, तर न्यूमोनियाची शंका घेऊन त्याच दिवशी दाखवायचं. छाती आत ओढली जात असेल तर मोजतही बसू नका. आणि दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप असेल तर वाट पाहणं नाही, मेडिकलवर विचारणं नाही, थेट रुग्णालय.

डॉक्टर औषध लिहीत असतील, तर वजन तिथेच करून घ्या. मुलांचा डोस वयावर नाही, वजनावर ठरतो. दिवाळीतल्या चिठ्ठीवरचं वजन आषाढात चालत नाही. कोणत्या औषधाने पूर्वी अंगावर गांध्या उठल्या होत्या, घरात दुसरं काय चालू आहे, हे न विचारताही सांगा. लोह, कॅल्शियम, झिंक, काढे, गुटी, सगळं सांगा, कारण काही अँटिबायोटिक्स लोह-कॅल्शियमसोबत घेतली की अंगी लागत नाहीत. निघताना एवढं चिठ्ठीवर लिहून घ्या: एका वेळी किती एमएल, दिवसातून किती वेळा, किती दिवस. "एक चमचा दोनदा" एवढ्यावर समाधान मानू नका.

नंदुरबारकडच्या आणि सातपुड्यातल्या कुटुंबांसाठी एक वेगळी गोष्ट. मुलाला सिकलसेलचा, म्हणजे तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार असेल (नुसता वाहक नव्हे), तर ते पहिल्याच वाक्यात सांगा आणि कार्ड दाखवा. अशा मुलाचा ताप ही तातडीची बाब असते, त्याला घरी ठेवून दोन दिवस पाहायचं नसतं. त्याला साधारण पाच वर्षांचा होईपर्यंत रोज पेनिसिलिन दिलं जातं, ते मूल धडधाकट असतानाही चालूच ठेवायचं असतं. पुढे "ठरल्या दिवशी थांबवा" असं मी म्हणणार आहे, ते या औषधाला लागू नाही.

मेडिकलवर

अँटिबायोटिकच्या पाकिटावर लाल उभी रेघ असते. अर्थ सरळ आहे, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे घ्यायचं नाही. यातली बरीच औषधं २०१४ पासून शेड्यूल एच-१ या सरकारी यादीत आहेत. ती देताना आम्हाला पेशंटचं आणि डॉक्टरांचं नाव वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहावं लागतं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपावं लागतं. म्हणून नाव विचारलं की चिडू नका. आणि जो चिठ्ठी न पाहता "मागच्या वेळचंच घेऊन जा" म्हणतो, त्याच्याकडून लहान मुलाचं औषध घेऊ नका. मी माझ्याच धंद्यातल्या लोकांबद्दल बोलतोय, पण बोलायला हवं.

आता सगळ्यात महत्त्वाची तपासणी. एकच औषध दोन ताकदींत येतं. ॲझिथ्रोमायसिन ५ एमएलमध्ये १०० मिलिग्रॅमचं असतं आणि २०० मिलिग्रॅमचंही. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलेनेट २२८.५ चं असतं, ४५७ चंही. बाटल्या दिसायला सारख्या, नावापुढे फक्त 'फोर्ट' किंवा 'डीएस' वाढलेलं. समजा डॉक्टरांनी ॲझिथ्रोमायसिन १०० मिलिग्रॅम लिहिलं. पहिल्या बाटलीतून ते ५ एमएल होतं, दुसरीतून अडीच एमएल. ठरलेली बाटली संपली म्हणून दुकानदाराने दुसरी दिली आणि घरी पाच एमएलच पाजलं, तर डोस दुप्पट झाला. बाटली बदलली की एमएल बदलतात का, हे काउंटरवरच विचारा आणि नवा आकडा खोक्यावर पेनाने लिहून घ्या. ताप उतरवणाऱ्या पॅरासिटामॉलचंही हेच. थेंबांच्या बाटलीत ते सिरपपेक्षा कितीतरी दाट असतं, थेंबांचं औषध सिरपच्या मापाने कधीच देऊ नका.

दुसरा हिशेब बाटल्यांचा. बहुतेक पावडर सिरप (पावडरीत पाणी घालून बनवायचं औषध) ३० एमएलचं असतं. ५ एमएल दिवसातून दोनदा, पाच दिवस, म्हणजे ५० एमएल लागणार. एक बाटली तीन दिवसांत संपते. मग घरात समज होतो, की बाटली संपली म्हणजे कोर्स संपला. पोरगं तोवर खेळायलाही लागलेलं असतं. त्यामुळे किती बाटल्या लागतील ते पहिल्याच दिवशी विचारा आणि सगळ्या सोबत न्या. शहादा किंवा शिरपूरहून दोन एसट्या बदलून पाड्यावर जाणाऱ्याला मधल्या बाटलीसाठी परत यायला सांगण्यात काही अर्थ नाही. दुसरी बाटली मात्र पहिली संपेपर्यंत पाणी न घालता कोरडीच ठेवायची.

बाटली बनवताना

बाटली दुकानात बनवून घेतली तर उत्तम, पण घर लांब असेल आणि ऊन असेल तर कोरडी न्या आणि घरी बनवा. साबणाने हात धुवा. झाकण बंद ठेवून बाटली उलटी करून तळहातावर ठोका, तळाला बसलेली पावडर मोकळी होईल. पाणी उकळून पूर्ण गार केलेलं हवं, किंवा खोक्यात निर्जंतुक पाण्याची कुपी आली असेल तर तीच. गरम पाण्याने औषध बिघडतं. माठाचं न उकळलेलं, बोअरचं, आरओचं थेट पाणी नको, आणि दूध तर अजिबात नको.

लेबलवर किंवा काचेवर बाणाची किंवा रेघेची खूण असते. आधी खुणेच्या बरंच खाली येईल इतकं पाणी घाला, झाकण लावून जोरात हलवा. फेस येईल. तो बसू द्या, मग पातळी खाली उतरलेली दिसेल. आता बरोबर खुणेपर्यंत पाणी भरा, पुन्हा हलवा. फेसावरच माप धरलं तर पाणी कमी पडतं आणि औषध दाट होतं. "पोरगं अशक्त आहे, थोडं पातळ करू" म्हणून खुणेच्या वर पाणी घालणं ही उलटी चूक, मी ती बऱ्याचदा ऐकतो. बनवल्याची तारीख बाटलीवर लिहा. बनवलेलं औषध किती दिवस टिकतं ते लेबलवर असतं, पुष्कळ औषधांना सात दिवस.

ठेवायचं कुठे

इथे आपला खान्देश आडवा येतो. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या आसपास असतो, पत्र्याच्या घरात त्याहून वाईट हाल. क्लॅव्ह्युलेनेट असलेलं बनवलेलं सिरप फ्रीजमध्येच ठेवावं लागतं, २ ते ८ अंशांत, आणि बर्फाच्या कप्प्यात नाही. ॲझिथ्रोमायसिनच्या सिरपला सहसा फ्रीज लागत नाही, पण ऊन त्यालाही सोसत नाही. लेबल काय म्हणतं ते वाचा, वाचता येत नसेल तर आमच्याकडून वाचून घ्या. मोटारसायकलच्या डिकीत किंवा एसटीच्या खिडकीत बाटली तासभरही नको. पांढरट औषध गडद पिवळं किंवा तपकिरी झालं असेल तर ते पाजू नका.

घरी फ्रीज नाही? शेजाऱ्याच्या, किराणा दुकानाच्या फ्रीजमध्ये नाव लिहून ठेवा. तेही नसेल तर ओल्या वाळूत बसवलेल्या छोट्या मडक्यात, पिशवीत गुंडाळून, वर ओलं फडकं टाकून बाटली ठेवता येते. पण ही तात्पुरती सोय आहे, फ्रीजची बरोबरी नव्हे. त्यापेक्षा चांगला मार्ग म्हणजे डॉक्टरांना आधीच सांगणं: "आमच्याकडे फ्रीज नाही, पाण्यात विरघळणारी गोळी चालेल का?" अमॉक्सिसिलिन, सेफिक्झिम अशा औषधांच्या 'डीटी' गोळ्या मिळतात. चमचाभर गार पाण्यात (तान्ह्या बाळाला आईच्या पिळून काढलेल्या दुधात) विरघळवायची आणि लगेच पाजायची. गोळी कोरड्या, सावलीच्या जागी ठेवली की झालं. ऊसतोडीला किंवा गुजरातेत मजुरीला निघालेल्या कुटुंबाने तर बाटलीचा आग्रह सोडून हेच मागावं. साधी गोळी मात्र विचारल्याशिवाय फोडू किंवा कुटू नका.

घरातल्या कोनाड्यातल्या गोष्टीकडेही बघा. कपाशीच्या फवारणीचं औषध, रॉकेल आणि पोराचं सिरप एका फळीवर नकोच.

मोजायचं कशाने

घरातल्या चमच्यांचा भरवसा नाही. एक जेमतेम तीन एमएलचा भरतो, दुसरा सात एमएलचा. आणि "चमचा" म्हटल्यावर आजी पोह्यांचा घेते की चहाचा, कोण सांगणार! बाटलीसोबत आलेली मापाची वाटी किंवा झाकण वापरा, पण अडीच, साडेतीन एमएल असे डोस त्यात नीट मोजले जात नाहीत. सगळ्यात बरी म्हणजे सुईशिवायची ५ एमएलची सिरिंज. मेडिकलवर ती अगदी स्वस्तात मिळते. सोबत सुई आली तर ती लगेच काढून टाकून द्या, आणि टोकाला छोटी टोपी असेल तर तीही, नाहीतर ती पोराच्या घशात अडकेल. डॉक्टरांनी सांगितलेल्या रेघेवर मार्कर किंवा चिकटपट्टीने खूण करून ठेवा.

प्रत्येक वेळी बाटली हलवा. प्रत्येक वेळी. औषध तळाशी बसतं. न हलवता दिलं तर पहिले दोन दिवस नुसतं गोड पाणी जातं आणि शेवटी राहतो तो गाळ, म्हणजे जास्तीचा डोस.

पाजताना

मूल मांडीवर, डोकं वर, अर्धवट बसतं करून घ्या. आडवं झोपवून आणि नाक दाबून पाजू नका. हुंदक्यासरशी औषध श्वासनळीत जाऊ शकतं. सिरिंजचं टोक गालाच्या आतल्या बाजूला ठेवा आणि थोडं थोडं सोडा, गिळू द्या, पुन्हा सोडा. औषध दुधाच्या पूर्ण बाटलीत मिसळू नका. दूध अर्धं राहिलं तर किती पोटात गेलं ते कळत नाही. कडू लागत असेल तर वर घोटभर पाणी, पिकलेल्या केळ्याचा घास (रावेर-यावलच्या लोकांना हे काय सांगायचं), गुळाचा खडा. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध मात्र चाटवू नका, त्यातल्या जिवाणूंमुळे तान्ह्यांना बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. आणि औषधाला 'खाऊ' म्हणू नका. एक दिवस तो खाऊ शोधायला पोरगं फळीवर चढेल.

जेवणाआधी की नंतर, हे औषधावर आहे. क्लॅव्ह्युलेनेटवालं जेवणाच्या सुरुवातीला दिलं की पोट कमी बिघडतं. सेफिक्झिम कसंही चालतं. बाकीच्यांचं विचारून घ्या.

वेळा पाळायच्या म्हणजे घड्याळाला बांधून घ्यायचं नाही, पण दोन डोसांत अंतर सारखं हवं. दोनदा असेल तर सकाळी आणि रात्री आठ. तीनदा असेल तर साधारण सहा, दोन, दहा. कापूस वेचणीच्या दिवसांत आई-बाप उजाडता शेतात जातात आणि दुपारचा डोस कोणी दिला, कोणी नाही, याचा पत्ता नसतो. अशा घरांनी डॉक्टरांना सरळ सांगावं, की दुपारी देणारं कोणी नाही, दोन वेळांचं काही आहे का. अनेकदा असतं. नाहीच जमलं, तर एकच माणूस ठरवा. कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत प्रत्येक डोसाला एक रेघ ओढायची. न वाचता येणाऱ्या आजीलाही ते जमतं, आणि आजीने दिलेला डोस सुनेने पुन्हा देण्याचा प्रकार थांबतो. मूल आश्रमशाळेत असेल तर बाटली त्याच्या पेटीत ठेवू नका. अधीक्षकांच्या हातात द्या, सोबत एमएल आणि वेळा लिहिलेला कागद.

डोस चुकला, उलटी झाली

राहिलेला डोस आठवताच द्या. पुढच्या डोसाची वेळ जवळ आली असेल तर राहिलेला सोडून द्या. दोन डोस एकत्र कधीच नाही. पाजल्यावर अर्ध्या तासाच्या आत सगळं उलटून पडलं तर तोच डोस एकदा पुन्हा देता येतो. अर्ध्या तासानंतर उलटी झाली तर नको. पुन्हा पुन्हा उलटत असेल तर डॉक्टरांना फोन करा. चुकून दोनदा दिलं गेलं तर घशात बोटं घालून उलटी काढू नका. बाटली समोर धरून फोन करा, औषधाचं नाव आणि ताकद सांगा. डॉक्टर लागत नसतील तर आरोग्य सल्ल्यासाठी १०४ आहे.

पहिल्या डोसानंतर ताप लगेच उतरत नाही. ४८ तास तरी लागतात, टायफॉइडमध्ये चार-पाच दिवसही. "या औषधाने गुण येत नाही" म्हणून दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या दवाखान्यात जाऊन दुसरं अँटिबायोटिक सुरू करणं हा आपल्याकडचा मोठा रोग आहे. दोन-तीन दिवसांत काहीच फरक नसेल तर त्याच डॉक्टरकडे परत जा. मूल मलूल होत चाललं असेल, पाणीही पीत नसेल, तर तेवढंही थांबू नका.

कशाला घाबरायचं, कशाला नाही

दिवसात दोन-चार पातळ शौच होणं नेहमीचं आहे. दूध, वरणभात, ताक चालू ठेवा, ओआरएस द्या, जुलाब बंद करणाऱ्या गोळ्या लहान मुलांना देऊ नका. सेफडिनिर हे अँटिबायोटिक चालू असताना लोहाचं औषध किंवा लोह घातलेलं दुधाचं पावडर पोटात गेलं तर शौच लालसर होते, ते रक्त नसतं. पण खरं रक्त, आव किंवा थांबत नाहीत असे जुलाब दिसले तर दाखवायचं. तोंडात पांढरे चट्टे, लंगोटाच्या जागी लाल पुरळ, हेही दाखवण्यासारखं, पण रात्री धावपळ करण्यासारखं नाही.

धावायचं ते यासाठी: औषध दिल्यावर काही मिनिटांत ते तासाभरात अंगभर गांध्या, ओठ-डोळे सुजणं, आवाज बसणं, घरघर, धाप, मूल एकदम गळून पडणं. ही तीव्र ॲलर्जी. औषध थांबवा, १०८ ला फोन करा, मुलाला आडवं ठेवून पाय उंच करा (धाप असेल तर बसतं ठेवा), तोंडाने काही देऊ नका. नुसतं चपटं लाल पुरळ चौथ्या-पाचव्या दिवशी उठलं तर ती ॲलर्जी असेलच असं नाही. मोबाइलवर फोटो काढा, पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांना दाखवा. ॲलर्जी ठरली, तर औषधाचं नाव लसीकरणाच्या कार्डावर लाल पेनाने लिहा. अमॉक्सिसिलिन पेनिसिलिनच्याच कुळातलं आहे, ब्रँडचं नाव बदललं तरी औषध तेच असतं. म्हणून ब्रँड नको, मूळ नाव लिहा.

कधी थांबवायचं आणि उरलेल्याचं काय

"पोऱ्याले आते बरं शे, मंग औषध कसाले?" हे वाक्य मी अमळनेरपासून साक्रीपर्यंतच्या गिऱ्हाइकांकडून ऐकलंय. उत्तर असं: ताप उतरला म्हणजे जिवाणू संपले असं नाही. स्ट्रेप्टोकोकसमुळे घसा सुजलेल्या मुलाला पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन सहसा १० दिवस देतात, कारण अर्धवट उपचारानंतर संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा खराब होण्याचा धोका राहतो. उलट साध्या न्यूमोनियाला आता पाच दिवस पुरतात, तिथे "अजून दोन दिवस देऊन टाकू" यातही शहाणपण नाही. डॉक्टरांनी जेवढे दिवस सांगितले तेवढेच. लवकर थांबवावंसं वाटलं तर फोनवर विचारून थांबवा.

बाटलीत थोडं उरतंच. ते पुढच्या सर्दीसाठी, धाकट्यासाठी, भाचीसाठी ठेवू नका. बनवलेलं सिरप महिन्याभराने औषध राहत नाही, आणि धाकट्याचं वजन व आजार दोन्ही वेगळे. मोरीत किंवा नाल्यात ओतू नका, कोंबड्यांच्या पाण्यात तर मुळीच नाही. माती किंवा चहाच्या चोथ्यात मिसळून, पिशवीत बांधून कचऱ्यात टाका. सिरिंजही सोबत टाकून द्या, पुढच्या आजाराला नवी घ्या. रिकाम्या बाटलीवरचं लेबल फाडा आणि तीत फिनेल, रॉकेल किंवा फवारणीचं उरलेलं भरून ठेवू नका. त्या बाटलीतलं गोड लागतं, हे पोराच्या चांगलं लक्षात असतं.